धाकू तांडेलाचा पतंग आणि गावकरांचा मान

समुद्राकाठच्या शिंपलवाडीत धाकू तांडेल नावाचा एक भोळा माणूस होता. एकच होता. दोन गावाला परवडले नसते.

वय अठ्ठावीस, अंगात तिघांचं बळ. होडी वल्हवायला बसला की इंजिनवाले मागे पडत. डोकंही बरं होतं, फक्त त्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. आणि मावली की ती बाहेर निघायची नाही.

त्याची चुलत बहीण वैजू. धाकूला 'खुळो' न म्हणणारी गावात ती एकटी. चार वर्षं परमुलखात राहून ती काइटबोर्डिंग शिकून आली. म्हणजे काय, तर एक पतंग, खोलीवर घालायच्या ताडपत्रीएवढा. त्याच्या दोऱ्या एका दांड्याला. दांडा आपल्या हातात, त्याचा हूक आपल्या कमरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग आपल्याला ओढतो, आणि आपण पाण्यावरून घसरत जातो. वैजूने किनाऱ्यावर झावळ्यांची झोपडी बांधली, बाहेर पाटी लावली आणि शिकणाऱ्यांची वाट बघत बसली.

शिकणारे आले नाहीत. तातू गावकर आले.

गावकर म्हणजे गावचे पहिले मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने मागणं, घालायचा मान त्यांचा. रापणीतला पहिला मासाही त्यांचा; रापण म्हणजे अख्ख्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. मानाची वस्तू एकदा गावकरांच्या हातात पडली की ती खाली टाकायची नाही, घरापर्यंत हातातूनच न्यायची, अशी रीत. सात पिढ्यांत आमच्या हातून मान खाली पडलेला नाही, असं ते दिवसातून दोनदा सांगत. कुणी विचारलेलं नसे.

"ही झोपडी उठव," गावकर म्हणाले. "तुज्या दोऱ्यांनी आमची रापण गुंतात. आणि ह्या गावातलो माणूस कोण शिकतलो ह्या?"

"कोणी शिकलो तर?" वैजू म्हणाली.

गावकरांना नाही म्हणवेना, कारण भोवती माणसं जमली होती. ते सगळ्यांना घेऊन देवळात गेले आणि हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आजपासून पंधराव्या दिवशी गावातलो एक माणूस ह्या पतंगाबरोबर जावन, कासवखडकाक वळसो घालून, निशाणाकडे परत येवंदे."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"वाटेत तेका होडयेचो हात लागता नये!"

"व्हय म्हाराजा!"

"इलो तर झोपडी रवांदे. नाय इलो तर उठांदे!"

"व्हय म्हाराजा!" वैजूही सवयीने म्हणून गेली.

आता माणूस हवा. तरणी पोरं गावकरांना घाबरत. म्हातारे पाण्याला घाबरत. धाकू कशालाच घाबरत नसे, कारण घाबरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"धाकू, शिकशीत?"

"तू सांगशीत ता करीन, ताये."

वैजूला हे ऐकून बरं वाटलं. तेव्हा तिला काय ठाऊक!

पहिल्या दिवशी तिने धाकूच्या हातात दांडा दिला. वाऱ्याचा झोत आला. पतंगाने ओढलं. धाकूने दांडा घट्ट धरला आणि तो वाळूवरून पोटावर घसरत निघाला. वाटेत सुकत घातलेले बांगडे होते. धाकू त्यांतून आरपार गेला आणि पलीकडे निघाला तेव्हा त्याच्या सदऱ्यात तीन बांगडे होते.

वैजू धापा टाकत आली. "अरे, जोराची ओढ बसली की हातातला सोडून दी! पतंग आपसूक खाली बसता. कळला?"

"कळला, ताये. आता विसरूचंय नाय."

आणि धाकू विसरत नसे. तेच तर दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण होती. दोराला तीस माणसं लागली. धाकू सगळ्यात बळकट, म्हणून सगळ्यात पुढे, पाण्यात. जाळं माशांनी गच्च भरलं होतं. समुद्राने मागे खेचलं. जोराची ओढ बसली.

धाकूने सोडून दिलं.

तिघांचं बळ एकदम गेल्यावर उरलेली एकोणतीस माणसं ओळीने पुढे आली आणि ओळीने तोंडावर पडली. सगळ्यांच्या वर गावकर पडले, कारण ते सगळ्यांच्या मागे दोराचं टोक धरून हुकूम देत होते. जाळं सैल झालं. मासे आले तसे निघून गेले.

"काय केलंस ह्या!" गावकर ओरडले.

"जोराची ओढ बसली, म्हणान सोडलंय," धाकू म्हणाला. "आता आपसूक खाली बसात."

जाळ्यात एक सुरमई तेवढी राहिली होती. ती धाकूने उचलली आणि घरी आईला नेऊन दिली. आईने कपाळावर हात मारला. "अरे, समुद्रातसून येताना हातात काय पण असांदे, ता आधी गावकारांच्या हातात देवचा आणि मगे घराक येवचा! मान तेंचो!"

"कळला, आये. आता विसरूचंय नाय."

त्या दिवसापासून धाकू पाण्यातून बाहेर आला की सरळ गावकरांकडे जाई आणि हातात असेल ते त्यांच्या हातात ठेवी. सोमवारी डाव्या पायाची चप्पल. मंगळवारी प्लास्टिकची बरणी. बुधवारी शेवाळ, ओंजळभर. "गावकारांनू, मान तुमचो," एवढं म्हणून तो परत फिरे. समुद्राचा मान नाकारता येत नाही आणि खाली तर टाकता येतच नाही. गावकर दात-ओठ खात सगळं घरापर्यंत नेत. गुरुवारी धाकूने त्यांच्या हातात जिवंत खेकडा ठेवला. गावकर घरापर्यंत पळत गेले. पण खाली टाकला नाही. सात पिढ्या!

इकडे वैजूने रापणीची हकिगत ऐकली आणि धाकूला समोर बसवलं.

"ओढ बसली की दर खेपेक सोडूचा नसता, धाकू. तोल जाणार असलो तरच सोडूचा. नायतर हातान झगडू नको. गुडघे वाकव, आणि सगळा अंग मागे टाक. कळला?"

पाण्यात हे उत्तम जमलं. धाकूने अंग मागे टाकलं आणि पतंगाने त्याला दहा हात अलगद नेलं. वैजूने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सरपंचबाई तालुक्याहून होडीने आल्या. धाकू धक्क्यावर उभा होता. होडी हलत होती, म्हणून बाईंनी आधाराला हात पुढे केला. धाकूने तो धरला. बाईंनी थोडासा भार टाकला.

ओढ बसली. धाकूने गुडघे वाकवले आणि सगळं अंग मागे टाकलं.

सरपंचबाई होडीतून निघाल्या, धाकूच्या डोक्यावरून गेल्या आणि पलीकडे जाळ्यांच्या ढिगावर बसल्या. पर्स हातातच होती. त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "उतरलंय वाटता मी."

वैजूने विचारलं, "धाकू, तुजी नजर तरी खय होती?"

"माज्या पायांकडे."

"थयच चुकता तुजा! पाण्यात पण तू पायाकडे बघतस, म्हणान पडतस. खाली बघूचाच नाय. जय जावचा आसा थय बघ. नजर जाता थय माणूस जाता. कळला?"

"कळला, ताये. आता विसरूचंय नाय."

दुसऱ्या दिवशी धाकू पाण्यावर फळीवर उभा राहिला. खाली बघितलं नाही. लांब एका माडावर नजर लावली आणि सरळ त्या माडाच्या रोखाने गेला. पडला नाही. वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पहिल्यांदा वाटलं की झोपडी राहील.

त्याच दुपारी आईने अंगणात नाचणीचे पापड वाळत घातले होते. अंगण भरून पापड, आणि पापडांच्या पलीकडे घराचं दार. धाकू जेवायला आला. जायचं होतं दारात. नजर लावली दारावर. खाली बघायचं नव्हतं.

चौदा पापडांवर चौदा पावलं उमटली. आई कष्टाची बाई, तिने पापड टाकून दिले नाहीत. तिने ते पाहुण्यांना तळून वाढले. तेलात पाऊलही फुगलं. पाहुणे म्हणाले, नक्षी छान आहे.

आता उरलं होतं सगळ्यात अवघड. वारा दुपारी सुटायचा तो किनाऱ्याकाठाने उत्तरेकडून दक्षिणेला. कासवखडक दक्षिणेला, पाण्यात जरा आत. म्हणजे जाणं सोपं, वारा नेतोच. परत येणं वाऱ्याविरुद्ध. नवशिके हमखास वाऱ्याबरोबर खाली वाहत जातात आणि पतंग डोक्यावर घेऊन वाळूतून चालत परत येतात.

"सरळ येवक बघू नको," वैजू म्हणाली. "सरळ येणारो कधीच पोचणा नाय. टाचा रुतव आणि तिरको जा. मगे वळ, दुसऱ्या अंगान तिरको ये. हयसून थय, थयसून हय. थोडा थोडा वर सरकतलंस. घाय नको. कळला?"

धाकूला कळलं. चार दिवस तो पाण्यात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत राहिला, आणि पाचव्या दिवशी निघाला होता त्याच्या वीस पावलं वर, वाऱ्याच्या तोंडाकडे, येऊन पोचला.

सहाव्या दिवशी गावकरांकडे पूजा होती. पंगतीच्या दोन ओळी समोरासमोर. भात वाढायला धाकू. त्याने डावीकडचं पहिलं पान वाढलं आणि तिरका उजवीकडच्या दुसऱ्या पानाशी गेला. तिथून तिरका डावीकडच्या तिसऱ्याशी. असा शेवटपर्यंत गेला आणि त्याच वाटेने तिरका परत आला. त्यामुळे अर्ध्या पंगतीला दोनदा भात मिळाला आणि अर्धी पंगत कोरड्या पानाकडे बघत राहिली. गावकर कोरड्या पानांत होते. स्वतःच्या घरी.

"अरे, माका भात!"

"घाय नको, गावकारांनू," धाकू म्हणाला. "सरळ येणारो कधीच पोचणा नाय."

गाव म्हणू लागलं, वैजूने धाकूला पुरता बिघडवला. पण खरं सांगायचं तर तो पाण्यात कुठेच चुकत नव्हता. पाण्याची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रारी सगळ्या जमिनीवरून येत होत्या.

पंधरावा दिवस उजाडला. दुपारी दोनच्या सुमारास वारा सुटला आणि अख्खं गाव किनाऱ्यावर आलं. तांबडं निशाण गावकरांनी स्वतःच्या हातात धरलं. वाळूत रोवलं तर वैजू गुपचूप हलवील, असा त्यांना संशय होता.

धाकू पट्टा घ्यायला झोपडीत गेला. आत वैजूची पत्र्याची पेटी भरून, दोरी बांधून ठेवली होती. पाटीही काढून आत ठेवली होती.

"ताये, पेटी कित्याक भरलंस?"

"अशीच रे." वैजूने तोंड फिरवलं.

अशीच कुणी पेटी भरत नाही, एवढं धाकूलाही कळलं. त्याने पट्टा बांधला, हूक लावला आणि पाण्यात गेला.

गेला तो सरळ खडकापर्यंत गेला. वळसा घालताना मात्र लाट आडवी आली, तो फळीवरून उलटा पडला आणि पतंग पाण्यावर लोळला. किनाऱ्यावर सगळे "हायऽ" म्हणाले. जवळच मासे पकडणारी एक होडी होती. तिच्यातल्या दोघांनी हात पुढे केले.

"हात लावू नुको!" धाकू पाण्यातून ओरडला. "होडयेचो हात लागलो तर झोपडी जातली!"

होडीवाले हात मागे घेऊन बघत बसले. धाकूने एकट्याने पतंग सरळ केला, वर चढवला, फळी पायात अडकवली आणि अंग मागे टाकलं. मग हयसून थय. थयसून हय. एक वळण, दोन वळणं, सात वळणं. वारा त्याला खाली ढकलत होता आणि तो टाचा रुतवून वर सरकत होता. नजर निशाणावर. फक्त निशाणावर. गाव आधी हसत होतं, मग कुणीतरी "येरे धाक्या!" म्हणून ओरडलं आणि सगळेच ओरडू लागले. सरपंचबाईही ओरडल्या.

धाकू आला. पाण्यातून वाळूवर चार पावलं आला, आणि निशाणाच्या काठीला त्याचं नाक लागलं तेव्हा थांबला. पतंग त्याच्या डोक्यावर आभाळात स्थिर उभा होता. वैजू तोंडावर हात धरून रडत होती.

सगळे गावकरांकडे बघू लागले. झोपडी राहिली, हे शब्द गावकरांनीच म्हणायचे होते. गावकरांनी निशाण काखेत घेतलं, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

पण धाकू समुद्रातून आला होता. आणि हातात काहीतरी होतं.

त्याने कमरेचा हूक काढला. पतंग कमरेशी बांधून ठेवणारी सुरक्षेची दोरीही सोडली. आणि दोन्ही हातांनी दांडा गावकरांच्या हातात ठेवला.

"गावकारांनू, मान तुमचो."

गावकरांनी घेतला. मान होता, घ्यावाच लागतो. घेताना दांडा छातीशी ओढून घट्ट धरला. पतंग वाकडा झाला, खाली झेपावला आणि त्याला वारा भरपूर मिळाला.

गावकर गेले.

आधी वाळूवरून पळत गेले, मग पाण्यावरून पळत गेल्यासारखे दिसले, मग नुसतेच गेले. धोतराचा सोगा मागे फडफडत होता.

"सोडा! हातातला सोडा!" वैजू ओरडली.

"सोडूचंय नाय!" लाटांतून आवाज आला. "सात पिढये!"

"अंग मागे टाका!" धाकू तोंडाशी हात धरून ओरडला. "आणि खडकाकडे बघू नुको! नजर जाता थय माणूस जाता!"

आता खडकाकडे बघू नको म्हटल्यावर माणूस कुठे बघणार? गावकरांनी खडकाकडे बघितलं.

थोड्या वेळाने ते खडकावर होते. पतंग खडकाच्या मागे गपकन बसला. गावकर उठून उभे राहिले. भिजले होते, पण धड होते. दांडा हातात होता. निशाण काखेत होतं. काहीही खाली पडलं नव्हतं. त्यांनी चारी बाजूंचं पाणी बघितलं. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दांड्यासकट दोन्ही हात वर केले आणि फुफ्फुसं फुटतील अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! झोपडी थयच रवांदे! वैजूक शंभर शिकणारे मिळांदे! पण माका हयसून लवकर न्हेवंदे!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं गाव म्हणालं.

झालं. देवासमोर ठरलं. झोपडी राहिली. वैजू रडता रडता हसू लागली आणि हसता हसता वाळूत बसली. तिला उठवेना. आईने जाऊन पेटीची दोरी सोडली आणि पाटी परत बाहेर लावली.

आता गावकरांना आणायचं तेवढं राहिलं.

"धाकू, होडी घे!" वैजू हसण्यातून कसंबसं म्हणाली. "बेगीन गावकारांकडे जा!"

वल्हं मारण्यात धाकूचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. तो दोन मिनिटांत खडकाशी पोचला. किनाऱ्यावरून सगळ्यांना दिसत होतं. गावकरांनी हात पुढे केला. धाकूने होडी आठ हात मागे घेतली. गावकर काहीतरी ओरडत होते. धाकू शांतपणे काहीतरी समजावत होता. बोटाने काखेकडे दाखवत होता. मग त्याने गावकरांना हात जोडले, होडी वळवली आणि दोन मिनिटांत परत आला.

होडी रिकामी होती.

"गावकार खय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

धाकूने होडी वाळूवर ओढली. तोंडभर हसला. इतका आनंदी तो कुणी कधी पाहिला नव्हता.

"ताये, गावकार पण पास झाले! खडकाकडे गेले, आणि बघतंय तर निशाणाकडेच आसत, काखेतच आसा तेंच्या. होडयेत घेवा म्हणान माज्या मागे लागले होते, पण मी काय खुळो आसंय? होडयेचो हात सुदीक लावूक दिलंय नाय!"